चाळीतला विहार आणि गिरणगावचे पुनरुज्जीवन

मुंबईच्या उत्तरेस साष्टीच्या डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. तेथील शिलालेख वाचणाऱ्याच्या एक गोष्ट प्रकर्षाने लक्षात येते. लेणी, पाण्याच्या पोढी आणि बसण्याचे ओटे ज्यांनी कोरवून घेतले, त्यांची नावे, त्यांची गावे आणि त्यांचे व्यवसाय तेथे नोंदविलेले आहेत. कोणी कल्याणचा सोनार आहे, कोणी कल्याणचाच लोहार आहे, कोणी सोपाऱ्याचा व्यापारी आहे, कोणी चेमूल म्हणजे आजच्या चौलचा रहिवासी आहे. भिक्षू आणि भिक्षुणी यांचीही दाने आहेत. काहींनी अक्षयनीवी म्हणजे कायम ठेव ठेवून तिच्या उत्पन्नातून भिक्षूंच्या चीवराची सोय केली आहे. ही माणसे राजे नव्हती. तरीही सुमारे दोन हजार वर्षांनंतर ती आपल्याला ठाऊक आहेत, याचे कारण त्यांनी आपले दान दगडावर लिहून ठेवले.

या शिलालेखांची आठवण होण्यास कारण आहे. त्याच मुंबईच्या मध्यभागी, परळ, नायगाव, वरळी, शिवडी आणि डिलाईल रोड या भागांत, १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर चाळीचाळींतून लहान लहान विहार उभे राहिले. गिरणीत, गोदीत, नगरपालिकेत आणि रेल्वेत राबणाऱ्या लोकांनी पगाराच्या दिवशी वर्गणी काढून ते उभारले. त्यांच्या भिंतींवरही दात्यांची नावे आहेत. कोठे संगमरवरी फरशीवर कोरलेली, कोठे केवळ तैलरंगाने लिहिलेली. आज हा सारा भाग नव्याने बांधला जात आहे. जुन्या चाळी जाऊन तेथे उत्तुंग इमारती येत आहेत आणि या बदलास ‘गिरणगावचे पुनरुज्जीवन’ असे नाव दिले जाते. हे पुनरुज्जीवन नेमके कशाचे आणि कोणाचे, याचा इतिहासाच्या आधारे विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गिरणगावची घडण

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, परळ, लालबाग आणि वरळी या पट्ट्यात गिरण्यांची धुराडी उभी राहिली. कोकण, सातारा, पुणे, अहमदनगर, नाशिक या जिल्ह्यांतून माणसे आली. त्यांत शेतकरी जातींचे लोक होते, तसेच गावकुसाबाहेरचे आपले पूर्वजही होते. गावाने ज्यांना पाणवठा नाकारला होता, त्यांना शहराने निदान रोजगार दिला.

राहण्याची सोय मात्र कोणी केली नव्हती. दाटीवाटीच्या अंधाऱ्या खोल्यांतून कामगार राहत होते. १८९६ मध्ये मुंबईत गाठीच्या तापाची म्हणजे प्लेगची साथ आली आणि या वस्तीची भीषण अवस्था राज्यकर्त्यांना दिसली. १८९८ मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. या संस्थेने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले आणि काही कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्याच बी. आय. टी. चाळी होत. येथे एक बाब नमूद केली पाहिजे. ‘सुधारणा’ या नावाने वस्ती पाडणे आणि पाडलेल्या वस्तीतील सर्वांना परत घर न मिळणे, ही गोष्ट मुंबईत सव्वाशे वर्षांची जुनी आहे.

पुढे १९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ निर्माण झाले. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविण्यात आला. प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या. वरळीस १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला, म्हणजे आजच्या एन. एम. जोशी मार्गावर, ३२ आणि शिवडीस १२. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंस मिळून वीस खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि संडास-मोऱ्या सामायिक, अशी त्यांची रचना होती. सिमेंट-काँक्रीटच्या या इमारती मजबूत होत्या. परंतु भाडे कामगाराला परवडणारे नव्हते, हवा-उजेड पुरेसा नव्हता आणि वरळी तेव्हा शहराच्या टोकाला होती. त्यामुळे वरळीच्या अनेक चाळी बराच काळ रिकाम्या राहिल्या. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत त्यांतील काही चाळींचा तात्पुरत्या तुरुंगासारखा उपयोग करण्यात आला. आज ज्या जागेच्या एकेका चौरस फुटासाठी लोक झटतात, तेथे एके काळी राहावयास कोणी तयार नव्हते. जमिनीचे मोल तिच्यात उपजत नसते. ते माणसांच्या श्रमाने आणि वस्तीने निर्माण होते, हे येथे ध्यानात ठेवावे.

चाळ आणि जात

गिरणगावाविषयी जे स्मरणरंजक लेखन होते, त्यात चाळीचे चित्र एका मोठ्या कुटुंबासारखे रंगविलेले असते. उघडी दारे, एकमेकांकडे जाणारी भाजीची वाटी, गणेशोत्सव, भजनीमंडळे आणि संपात एकदिलाने उभे राहणारे कामगार, असे ते चित्र आहे. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे.

खासगी चाळींचे मालक अस्पृश्यांना खोली देत नसत. त्यामुळे आपल्या लोकांना ट्रस्टच्या, नगरपालिकेच्या आणि सरकारच्या चाळींचा आधार घ्यावा लागला. तेथेही एका जातीचे लोक एका इमारतीत वा एका बाजूस एकवटत गेले. गावातील वाडा-वस्तीची रेघ शहरातील नकाशावर अशा रीतीने उतरली. गिरणीच्या आतही तीच रेघ होती. कापड विणण्याच्या खात्यात पगार अधिक होता, परंतु तेथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श झालेला धोटा सवर्ण विणकरास चालत नसे, हे त्याचे कारण. परिणामी आपले लोक कमी पगाराच्या सूतकताईच्या खात्यात, विशेषतः रिंग विभागात, अडकून राहिले. १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. मालकाकडे न्याय मागणाऱ्या कामगाराने आपल्या शेजारच्या कामगाराला न्याय द्यावयास नको काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्या मांडणीमागे गिरणगावातील हा प्रत्यक्ष अनुभव होता.

म्हणून ‘हरवलेले गिरणगाव’ या नावाने जे हळहळतात, त्यांच्या हळहळीत आपण विचारपूर्वकच सामील व्हावे. जे हरवले त्यात सहजीवन होते, तसाच विटाळही होता.

चळवळीची भूमी

असे असूनही हाच भाग आपल्या मुक्तिलढ्याची भूमी ठरला. बाबासाहेब आपल्या आयुष्यातील महत्त्वाची वर्षे परळच्या बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्यांत राहिले. परदेशातील उच्च पदव्या घेऊन आलेला हा विद्वान त्या चाळीत अभ्यास करीत होता, पक्षकारांना भेटत होता आणि चळवळ चालवीत होता. माता रमाईंनी काटकसरीचा संसार केला तो तेथेच. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. त्याची कचेरी परळच्या पोयबावडी भागात होती. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा झाली आणि तिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा साकार झाली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले ते याच गिरणगावात.

या सर्वांहून आपल्या दृष्टीने महत्त्वाची घटना १९३६ ची आहे. त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस दादरच्या नायगाव भागात मुंबई इलाखा महार परिषद भरली. येवल्याच्या घोषणेनंतर धर्मांतर का करावयाचे, याची सविस्तर मीमांसा बाबासाहेबांनी ३१ मे रोजी तेथे केली. ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने ते भाषण आज घरोघरी आहे. भाषणाच्या अखेरीस त्यांनी तथागतांच्या अंतिम उपदेशाची आठवण करून दिली आणि स्वतःच्या बुद्धीचा आधार घेण्यास सांगितले. नागपूरच्या दीक्षाभूमीकडे जाणारी वाट अशा प्रकारे नायगावच्या कामगारवस्तीतून गेलेली आहे.

चाळींनी आपल्याला गायक आणि शाहीरही दिले. निरक्षर असलेल्या वामनदादा कर्डक यांना अक्षरओळख झाली ती शिवडीच्या बी. डी. डी. चाळीत राहत असताना. पुढे त्यांची गाणी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचली. रात्रशाळा, व्यायामशाळा, वाचनालय, समता सैनिक दलाची शाखा, महिलामंडळ आणि १९५६ नंतर विहार, ही या चाळींतील आपल्या सामाजिक जीवनाची साखळी होय.

या भूमीवर रक्तही सांडले आहे. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या बी. डी. डी. चाळींच्या परिसरात दलित पँथरची सभा झाली. सभेवर दगडफेक झाली, पोलिसांनी बळाचा वापर केला आणि दंगल उसळली. १० जानेवारी रोजी निघालेल्या निषेध मोर्चात परळ भागात इमारतीवरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव या तरुणाचा बळी गेला. दंगलीचे लोण पुढे काही महिने धुमसत राहिले आणि न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला गेला. ज्या चाळी आज जमीनदोस्त होत आहेत, त्यांच्या गच्च्यांवरून आणि गॅलऱ्यांतून हा इतिहास घडला आहे.

गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. यंत्रे जुनी झाली होती हे खरे. परंतु कापडापेक्षा कापडगिरणीखालची जमीन अधिक मोलाची झाली होती, हे त्याहून खरे.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनींचे तीन भाग ठरविले. एक भाग मैदाने व सार्वजनिक उपयोगासाठी महापालिकेस, एक भाग परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडास आणि उरलेला एक भाग मालकास. स्थूलमानाने हा न्याय होता. परंतु त्या सूत्राखाली जमिनी द्याव्या लागू नयेत म्हणून अनेक मालकांनी जुन्याच इमारतींचा वापर बदलून त्यांतून कचेऱ्या आणि दुकाने चालविली. २००१ मध्ये नियम बदलला. विभागणी संपूर्ण जमिनीची करावयाची नसून, केवळ जी आधीपासून मोकळी आहे तिचीच करावयाची, असे ठरले. एका शब्दाच्या अर्थाने शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याची जमीन आक्रसून गेली. हा बदल २००५ मध्ये उच्च न्यायालयात टिकला नाही, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. दरम्यान २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या.

त्यानंतर जे घडले ते सर्वांसमोर आहे. फिनिक्स मिलच्या आवारात मोठा बाजार थाटला गेला. धुराडे शोभेसाठी राखले गेले. गिरण्यांच्या आवारांतून कचेऱ्या, उपाहारगृहे आणि मद्यालये आली. २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत चौदा जणांचा मृत्यू झाला, तेव्हा या झगमगाटाखालील बेफिकिरी जगापुढे आली. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखांच्या आसपास अर्ज आले. २०१२ च्या पहिल्या सोडतीत घरे होती ६,९२५. उरलेल्यांपैकी अनेकांना पुढे दूरच्या वांगणी-शेलूची घरे दाखविण्यात आली.

समाजशास्त्रात या प्रक्रियेस अभिजनीकरण म्हणतात. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनच्या श्रमिक वस्त्यांच्या संदर्भात तिला प्रथम नाव दिले. जुन्या श्रमिक वस्तीत सधन वर्ग येतो, घरे सुधारतात, भाव चढतात आणि मूळचा रहिवासी हळूहळू बाहेर पडतो. त्याला कोणी धक्के मारून घालवीत नाही. दूध महागते, भाडे वाढते, मुलाच्या शाळेचे शुल्क वाढते, ओळखीचा वाणी दुकान विकून जातो आणि एक दिवस त्यालाच आपण येथे परके आहोत असे वाटू लागते. बुद्धाने दुःखाला कारण असते असे सांगितले. हे असले म्हणजे ते होते, हा पटिच्चसमुप्पादाचा नियम व्यक्तीच्या मनाला लागू आहे, तसाच शहराच्या व्यवहारालाही लागू आहे. गिरणगाव उजाडले ते दैवाने अथवा काळाच्या ओघाने नव्हे. नियम बदलले, म्हणून जमिनीचे धनी बदलले. सर्व काही अनित्य आहे हे खरे. परंतु अनित्यतेचा सिद्धांत अन्यायाच्या समर्थनासाठी वापरणे हा धम्माचा विपर्यास होय.

चाळींचा पुनर्विकास : लाभ आणि शंका

गिरण्यांच्या जमिनींहून बी. डी. डी. चाळींची कथा वेगळी आहे आणि तिच्यातील चांगली बाजू मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. या चाळी सरकारी मालकीच्या असल्याने त्यांचा पुनर्विकास म्हाडामार्फत करण्याचे ठरले. १६० चौरस फुटांच्या भाडेकरूस त्याच जागी ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर विनामूल्य मिळावे आणि जमिनीच्या काही भागावर विक्रीच्या इमारती उभारून त्यांच्या उत्पन्नातून खर्च भागवावा, अशी ही योजना आहे. २०१७ मध्ये नायगाव व एन. एम. जोशी मार्ग येथे भूमिपूजन झाले; वरळीच्या कामाचा प्रारंभ २०२१ मध्ये झाला आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी तेथील पहिल्या ५५६ कुटुंबांना घरांच्या चाव्या देण्यात आल्या. शिवडीच्या चाळी बंदर प्राधिकरणाच्या जमिनीवर असल्यामुळे या योजनेत मागे राहिल्या.

तीन पिढ्या एका खोलीत राहिलेल्या, पहाटे उठून सामायिक संडासापुढे रांग लावलेल्या माणसाला स्वतंत्र खोली, स्वतःचे न्हाणीघर आणि मालकीचा कागद मिळाला, तर तो आनंदाचाच प्रसंग आहे. चाळ मोडू नका असे त्याला सांगण्याचा अधिकार कोणास नाही. बाबासाहेबांनी दारिद्र्याचे कौतुक कधी केले नाही. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी संविधान सभेत परखड उत्तर दिले. ते स्वतः चाळीतून निघाले आणि त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ग्रंथांसाठी प्रशस्त वास्तू बांधली. तिला मगधाच्या प्राचीन राजधानीचे, ‘राजगृह’ हे नाव दिले. उत्तम घराची आकांक्षा ही आपल्या चळवळीचीच आकांक्षा आहे.

शंका निराळ्या आहेत. पहिली शंका अशी की, घर ज्याच्या नावावर भाडेपावती आहे त्याला मिळते. पोटभाडेकरू, खोलीत वाढलेला धाकटा भाऊ, सासर सुटून माहेरी परतलेली बहीण, यांचा कागदावर पत्ता नसतो. चाळीत ते सामावत होते. मालकीच्या घरात हिस्स्याचा प्रश्न उभा राहतो. दुसरी शंका अशी की, उंच इमारतीचा देखभाल खर्च निवृत्त कामगाराला, विधवेला, रोजंदारीच्या माणसाला दीर्घकाळ पेलेल काय? आणि तिसरी अशी की, मालकीचे घर विकताही येते. शेजारी विक्रीच्या इमारतीत कोट्यवधींचे भाव असताना, मुलीचे लग्न वा आजारपण निघाले की घर विकून कल्याण-विरारच्या पुढे जाण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. असे शंभर जणांनी केले, तर वस्ती कोणीही न हलविता हलते. पहिल्या पिढीने मिळविलेले घर दुसऱ्या पिढीच्या हातून जाऊ नये, याची काळजी आपणच घ्यावयाची आहे.

विहाराचा प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. भाडेकरूची नोंद सरकारी वहीत आहे. चाळीतल्या विहाराची नोंद कोठे आहे?

दोन चाळींमधील मोकळ्या जागेत, तळमजल्याच्या एखाद्या खोलीत किंवा मैदानाच्या कडेला हे विहार उभे राहिले. तेथे रविवारी वंदना होते, वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते, दहावीच्या मुलांची अभ्यासिका चालते, नामकरण आणि विवाह होतात, शोकसभा भरते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या गावाकडच्या माणसांची रात्रीची सोयही चाळींतून होत आली आहे. बाबासाहेबांना अभिप्रेत असलेला धम्म हा माणसाने माणसाशी नीट वागण्याचा, म्हणजे मूलतः सामाजिक धम्म आहे. एकटा मनुष्य रानात असेल तर त्याला त्याची गरज नाही; परंतु दोन माणसे एकत्र आली की गरज उत्पन्न होते. असा धम्म चाळीच्या बोळात सहज रुजला, कारण तेथे माणसे रोज एकमेकांसमोर येत होती. चाळिसाव्या मजल्याच्या बंद दारामागे तो तितक्या सहजपणे रुजेल असे गृहीत धरता येणार नाही. त्यासाठी जागा लागेल आणि ती आराखड्यात आधी असावी लागेल.

स्मारकांच्या बाबतीत आपण जागरूक आहोत. दादरच्या इंदू मिलच्या जागेसाठी ६ डिसेंबर २०११ रोजी भीमसैनिकांनी आंदोलन करून ताबा घेतला. त्यामुळे शासनास निर्णय घ्यावा लागला आणि ११ ऑक्टोबर २०१५ रोजी तेथे बाबासाहेबांच्या स्मारकाची कोनशिला बसली. गिरण्यांच्या जमिनींच्या साऱ्या इतिहासात लोकांच्या रेट्याने सार्वजनिक झालेली ही अत्यंत ठळक जमीन होय. परंतु लहान वास्तूंच्या बाबतीत आपण गाफील राहिलो. २५ जून २०१६ च्या पहाटे दादर येथील आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण छापखाना पाडला गेला, तेव्हा कोठे आपल्याला जाग आली. जेथे बाबासाहेबांची नियतकालिके छापली गेली त्या वास्तूच्या जतनाची पक्की तजवीज आपण वेळीच केली नव्हती. पाडणाऱ्यांची बाजू काहीही असो, ही उणीव आपली होती आणि तिच्यापासून धडा घेणे आपल्या हाती आहे.

काय करता येईल

या दृष्टीने काही सूचना येथे मांडतो.

पहिली गोष्ट, प्रत्येक विहाराने आपली संस्था रीतसर नोंदवावी आणि पुनर्विकासाच्या आराखड्यात विहार, वाचनालय व अभ्यासिका यांना किती जागा व कोणत्या मजल्यावर मिळणार, हे लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर इमारत रिकामी करू नये. ती जागा तळमजल्यावर, म्हाताऱ्या माणसाला काठी टेकीत येता येईल अशी असावी.

दुसरी गोष्ट, चाळ पाडण्यापूर्वी तिची नोंदवही तयार करावी. कोणत्या खोलीत कोणते कुटुंब राहत होते, ते कोणत्या तालुक्यातून आले, पहिल्या पिढीने कोणत्या गिरणीत वा खात्यात काम केले, धम्मदीक्षा कोठे घेतली, एवढे तरी लिहून ठेवावे. १९५६ चा सोहळा ज्यांनी जाणत्या वयात पाहिला, अशी माणसे आता फार थोडी उरली आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे हे आपल्या महाविद्यालयीन तरुणांचे काम आहे. नव्या पिढीतील अभ्यासक मुंबईच्या घरबांधणीतील जातीचा इतिहास दप्तरखान्यातून शोधून काढीत आहेत. परंतु दप्तरखान्यात मालकाची आणि सरकारची बाजू असते. भाडेकरूची बाजू त्याच्या तोंडूनच घ्यावी लागेल.

तिसरी गोष्ट, पोयबावडी, दामोदर हॉल, नायगाव परिषदेची जागा, वरळीचे आंबेडकर मैदान आणि भागवत जाधव जेथे पडले ती जागा, या ठिकाणी माहितीचे साधे फलक असावेत. गिरणगावच्या वारशात धुराड्याला स्थान मिळते, तर त्या धुराड्याखाली रिंग खात्यात उभे राहिलेल्या माणसाला का मिळू नये? काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालयाची योजना महापालिकेने हाती घेतली. तेथे विणाई खात्याच्या दाराशी अडविलेल्या कामगाराची हकीकतही मांडली जावी, अशी मागणी आपण केली पाहिजे.

चौथी गोष्ट, जुन्या विहारातील दात्यांच्या नावांच्या फरशा काळजीपूर्वक काढून नव्या विहाराच्या भिंतीत बसवाव्यात. जेथे नावे रंगाने लिहिली आहेत तेथे छायाचित्र घेऊन ती दगडावर कोरून घ्यावीत. पाच रुपये देणाऱ्याचे नावही गाळू नये.

समारोप

वस्तीचे पुनरुज्जीवन झाले की नाही, हे ठरविण्याच्या कसोट्या तीन आहेत. जे तेथे राहत होते ते तेथे राहिले काय? त्यांच्या श्रमाने जे मोल निर्माण झाले त्यातील वाटा त्यांना मिळाला काय? आणि त्यांची स्मृती त्या जागी उरली काय? गिरण्यांच्या जमिनी पहिल्या दोन कसोट्यांवर उतरल्या नाहीत. चाळींचा पुनर्विकास पहिल्या कसोटीवर आज उतरतो आहे आणि उद्याही उतरेल की नाही, हे रहिवाशांच्या एकजुटीवर अवलंबून आहे. तिसरी कसोटी मात्र सरकारच्या हातात नाही, बिल्डरच्या हातात नाही. ती आपल्या हातात आहे.

कल्याणच्या लोहाराने दोन हजार वर्षांपूर्वी कान्हेरीच्या कातळावर आपले नाव लिहविले. त्याच्यापाशी सत्ता नव्हती, परंतु आपण दिलेले दान नोंदले जावे एवढा स्वाभिमान होता. नायगावच्या रिंग खात्यातील कामगार त्याचाच वारस आहे. त्याचे नाव अजून चाळीच्या भिंतीवर आहे. भिंत पडण्याच्या आत ते आपण उतरवून घेतले पाहिजे.